फळांच्या बियांच्या पदार्थातलं सायनाइड कसं मोजायचं : नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

या कामात नवीन असताना मला भाजलेल्या जर्दाळूच्या बियांची पूड तपासायला दिली होती. मी पाण्यात भिजवली, डिस्टिल केली (वाफ करून परत थंड करून गोळा केली), टायट्रेट केली (थेंबाथेंबाने दुसरं द्रावण घालून मोजली) आणि उत्तर आलं शून्य. ब्लँक (म्हणजे सॅम्पल न घालता केलेली तीच चाचणी) आणि सॅम्पल अगदी एकसारखे. रिपोर्टवर 'आढळले नाही' लिहायला घेतलं तेवढ्यात आमच्या सीनियर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "एन्झाइम घातलंस का?" नव्हतं घातलं. त्याच पुडीचा छोटा डोस एका बाटलीत एन्झाइमबरोबर ठेवला, वर सायनाइड लागलं की रंग बदलणारी पिक्रेटची पिवळी पट्टी लटकवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पट्टी विटेच्या रंगाची झालेली. म्हणजे सायनाइड होतंच, फक्त मी ते बाहेर काढलंच नव्हतं. तेव्हापासून कानाला खडा लावलाय, आणि हा लेख मुख्यतः त्या एका गोष्टीसाठी लिहितेय. बियांमध्ये तयार सायनाइड जवळपास नसतंच, ते आधी सोडवून घ्यावं लागतं आणि मग मोजावं लागतं, आणि मोजण्यापेक्षा सोडवण्यातच जास्त लोक चुकतात.

आधी बीमध्ये काय चालतं ते समजून घ्या

जर्दाळू, पीच, प्लम, चेरी, सफरचंद, कडू बदाम, या सगळ्यांच्या बीमध्ये अमिग्डालिन नावाचं संयुग असतं. १८३० मध्ये रोबिके आणि बुत्रों-शार्लार या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कडू बदामातून वेगळं केलं. मग १८३७ मध्ये लीबिग आणि व्होलर यांनी दाखवलं की बदामातलाच एमल्सिन नावाचा घटक, म्हणजे आज आपण ज्याला बीटा-ग्लुकोसिडेज एन्झाइम म्हणतो तो, या अमिग्डालिनला फोडतो. बी अख्खी असते तोवर हे दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चावली, कुटली, दळली की एकत्र येतात आणि साखळी सुरू होते: अमिग्डालिनमधून एक ग्लुकोज सुटतो आणि प्रुनासिन बनतं, त्यातून दुसरा ग्लुकोज सुटतो आणि मँडेलोनायट्राइल उरतं, आणि ते फुटलं की बेंझाल्डिहाइड (तो ओळखीचा बदामी वास) आणि हायड्रोजन सायनाइड, म्हणजे एचसीएन, मिळतं.

यातून तीन गोष्टी आत्ताच लक्षात ठेवा. पहिली, बी भाजली किंवा उकळली की एन्झाइम मरतं पण अमिग्डालिन बरंचसं तसंच राहतं, म्हणून भाजलेल्या मालाचं उत्तर एन्झाइम न घालता काढलं तर ते खोटं शून्य येतं, पण तीच पूड माणसाने खाल्ली तर आतड्यातले जीवाणू हे फोडायचं काम करू शकतात, म्हणजे धोका शून्य नसतो. दुसरी, एचसीएन साधारण २६ अंशांना उकळतं, म्हणजे उबदार खोलीत उघड्या भांड्यातून ते चक्क उडून जातं. तिसरी गोष्ट हिशोबाची: अमिग्डालिनचं रेणुभार ४५७.४ आणि एचसीएनचं २७.०, म्हणून १ ग्रॅम अमिग्डालिनमधून जास्तीत जास्त ५९ मिलिग्रॅम एचसीएन निघतं. उलटं करायचं असेल तर एचसीएनला १६.९ ने गुणा.

किती अपेक्षित आहे याचा अंदाज

अंदाज नसेल तर सॅम्पल किती घ्यायचं तेच कळत नाही. कडू जर्दाळूच्या बियांमध्ये किलोला काही शे ते काही हजार मिग्रॅ एचसीएन निघू शकतं. सफरचंदाच्या बियांमध्ये अमिग्डालिन ग्रॅमला साधारण १ ते ४ मिग्रॅ सापडलंय, म्हणजे एचसीएनच्या भाषेत किलोला सुमारे ६० ते २४०. गोड बदामात अगदी थोडं. आणि मर्यादा बघा किती खाली आहेत: युरोपियन युनियनने कच्च्या जर्दाळूच्या बियांसाठी २०१७ मध्ये किलोला २० मिग्रॅ ठरवली, बदामासाठी पुढे २०२२ मध्ये ३५ आली, मार्झिपॅन आणि नुगासाठी फ्लेवरिंगच्या नियमात ५० आहे आणि डबाबंद आठळीवाल्या फळांसाठी ५. म्हणजे एका टेबलावर तुम्हाला ५ पण मोजायचंय आणि ३००० पण. एकाच पद्धतीने दोन्ही होत नाही, ते पुढे येईल.

सॅम्पल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गोड आणि कडू बिया दिसायला सारख्या असतात. एका पोत्यात बहुतेक बिया गोड आणि मधूनच थोड्या कडू अशी परिस्थिती असेल तर दहा बिया उचलून काढलेल्या उत्तराला काही अर्थ नाही, कधी शून्य येईल कधी हजार. त्यामुळे पोत्याच्या वेगवेगळ्या जागांवरून भरपूर माल घ्यायचा, सगळा एकत्र करायचा, सगळा दळायचा, आणि मग त्या पुडीतून वजन करायचं. आधी थोड्या बिया वेगळ्या काढून मग त्याच दळायच्या हा शॉर्टकट करू नका प्लीज, तिथे झालेली चूक नंतर कुठलंही महागडं मशीन दुरुस्त करू शकत नाही.

दळताना अडचण अशी की दळणं म्हणजेच एन्झाइमला बोलावणं. मिक्सरमध्ये बिया गरम होतात, तेल सुटतं, लगदा होतो आणि झाकण उघडलं की बदामी वास येतो, तो वास आला की समजा अमिग्डालिन फुटायला लागलंय आणि त्याच्याबरोबरचं एचसीएन पण हवेत चाललंय. म्हणून बिया रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवायच्या, मिक्सरचं भांडंसुद्धा थंड करायचं, लिक्विड नायट्रोजन मिळत असेल तर उत्तमच, आणि थोडा थोडा वेळ फिरवून थांबायचं. पूड लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटली परत फ्रीझरमध्ये. आणि बाहेर काढलेली बाटली दमट हवेत उघडी ठेवू नका, पुडीवर पाणी जमलं की एन्झाइमला आयतीच सोय होते. ओलावा काढायला ओव्हनमध्ये वाळवायची तर अजिबात नाही. ओलावा हवाच असेल तर त्यासाठी वेगळा भाग घ्या.

मार्झिपॅनसारखी पेस्ट, बिस्कीट, बियांचं बटर, असे तयार पदार्थ असतील तर ते गरम प्रक्रियेतून गेलेत असंच धरून चाला, म्हणजे त्यांच्यातलं स्वतःचं एन्झाइम मेलेलं आहे असं समजूनच पद्धत निवडा.

सोडवणं

डिस्टिलेशनसाठी १० ते २० ग्रॅम पूड मोठ्या फ्लास्कमध्ये घ्या, पाणी घाला, एन्झाइम घाला, आणि बूच घट्ट लावा. घट्ट म्हणजे खरंच घट्ट, ग्रीस लावून. युरोपातल्या पशुखाद्य तपासणीच्या जुन्या अधिकृत पद्धतीत २० ग्रॅम सॅम्पल, ५० मिली पाणी आणि गोड बदाम पाण्यात कुटून केलेलं १० मिली दूध असं घेऊन ३८ अंशांना १६ तास ठेवायला सांगितलंय. गोड बदामात एमल्सिन असतंच आणि अमिग्डालिन अगदी कमी असतं, म्हणून ही साधी युक्ती चालते. विकतचं बदामाचं बीटा-ग्लुकोसिडेज असेल तर ते वापरा, पण दोन्ही बाबतीत एन्झाइमचा ब्लँक वेगळा चालवायचाच, कारण बदामातून आलेल्या वस्तूत स्वतःचं थोडं सायनाइड असू शकतं आणि ते तुम्ही बिचाऱ्या सॅम्पलच्या नावावर लावाल.

पीएच ५ ते ६ च्या आसपास ठेवा, एन्झाइमला तेच आवडतं. फार आम्ल झालं तर एन्झाइम बसून राहतं, आणि शिवाय मँडेलोनायट्राइल आम्लात टिकून राहतं, म्हणजे ग्लुकोज सुटला तरी एचसीएन सुटत नाही. ही दुसरी लपलेली चूक आहे.

अजून एक, कसाव्यासाठी (ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो) बनवलेल्या किटमध्ये लिनामारेज नावाचं एन्झाइम असतं, ते कसाव्यातल्या लिनामारिनसाठी आहे. अमिग्डालिनवर त्याच्या भरवशावर राहू नका, किट घेताना बदामाचं एन्झाइम असलेलं घ्या किंवा एन्झाइम वेगळं घाला.

पिक्रेट पट्टी: आधी चाळणी

ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त पद्धत. फिल्टर पेपरची पट्टी अल्कलाइन पिक्रेटमध्ये बुडवून सुकवलेली असते, पिवळी धमक. छोट्या बाटलीत १०० मिग्रॅ पूड, बफर, एन्झाइम, थोडं पाणी, वर पट्टी लटकवायची (पाण्याला टेकू द्यायची नाही), झाकण लावायचं आणि ३० अंशांच्या आसपास १६ ते २४ तास ठेवायचं. एचसीएन वर येतं आणि पट्टी केशरी, मग लालसर तपकिरी होते. रंगाच्या चार्टशी ताडून बघता येतं, किंवा पट्टी ५ मिली पाण्यात अर्धा तास भिजवून ५१० नॅनोमीटरला अॅबसॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) घ्यायचा. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी कसाव्यासाठी ही पद्धत बसवली, त्यातला हिशोब १०० मिग्रॅ सॅम्पलला अॅबसॉर्बन्स गुणिले ३९६ बरोबर पीपीएम (म्हणजे किलोला मिग्रॅ) असा आहे.

आता बियांची गंमत बघा. तुमची बी १४०० पीपीएमची असेल तर १०० मिग्रॅला अॅबसॉर्बन्स साडेतीनच्या वर जातो, तिथे वाचन विश्वासाचं राहतच नाही. मग १० मिग्रॅ घ्यावं का? घेता येईल, पण तेलकट, जाडसर पुडीतले १० मिग्रॅ सगळ्या पोत्याचं प्रतिनिधित्व करतील हे मला पटत नाही. त्यापेक्षा १ ते २ ग्रॅम पूड थंड ०.१ मोलर फॉस्फोरिक आम्लात नीट घोटा (आम्लात एन्झाइम थांबतं म्हणून काही उडत नाही), गाळा, आणि त्यातला मोजका भाग बाटलीत घेऊन पीएच वर आणून एन्झाइम घाला. पट्टीचा उपयोग मी 'आहे का, आणि साधारण किती' यासाठीच करते, रिपोर्टच्या आकड्यासाठी नाही.

पिक्रेट ज्यापासून बनतं ते पिक्रिक आम्ल कोरडं झालं तर स्फोटक असतं. बाटली कायम ओली ठेवायची, झाकणाच्या आट्यांवर सुकलेले पिवळे कण दिसले तर ते झाकण फिरवायचं नाही, सरळ सेफ्टीवाल्यांना बोलवायचं. तयार पट्ट्या मिळत असतील तर त्याच घ्या.

डिस्टिलेशन आणि टायट्रेशन

इथे लीबिगचीच १८५१ ची सिल्व्हर नायट्रेटची युक्ती आपण अजून वापरतो. भिजवलेला फ्लास्क थंड करा, बूच काढून लगेच स्टीम डिस्टिलेशनला जोडा. कंडेन्सरचं टोक रिसीव्हरमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात बुडलेलं हवं, नाहीतर वाफेबरोबर आलेलं एचसीएन पकडलंच जाणार नाही. बियांमध्ये तेल आणि प्रोटीन भरपूर म्हणून फेस जोरात येतो, अँटिफोमचा एखादा थेंब आधीच घाला, फेस एकदा कंडेन्सरमध्ये चढला की ती रन गेलीच. १५०-१६० मिली डिस्टिलेट जमलं की आधी रिसीव्हर खाली घ्या आणि मगच वाफ बंद करा, उलटं केलं तर द्रावण मागे खेचलं जातं.

डिस्टिलेट २५० मिलीला नेऊन त्यातलं १०० मिली घ्या, अमोनिया ८ मिली (६ नॉर्मल), ५ टक्के पोटॅशियम आयोडाइड २ मिली, आणि मायक्रोब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. फ्लास्कच्या मागे काळा कागद धरा. सुरुवातीला थेंब पडला की एक पांढुरका धूर दिसतो आणि हलवला की नाहीसा होतो, मग तो नाहीसा व्हायला जरा वेळ लागायला लागतो, आणि मग एक थेंब असा येतो की त्यानंतर सगळ्या द्रावणावर अगदी फिक्कट धुकं बसतं आणि हलवूनही जात नाही. तिथेच थांबायचं. नवीन माणूस हमखास पुढे जातो कारण तो दुधासारखा गढूळपणा येण्याची वाट बघत असतो. शेजारी ब्लँकचा फ्लास्क ठेवून दोन्हींची तुलना करत करत टायट्रेट करा, फार सोपं जातं.

हिशोब: १ मिली सिल्व्हर नायट्रेट म्हणजे १.०८ मिग्रॅ एचसीएन (एक सिल्व्हर दोन सायनाइडना धरतं म्हणून दुप्पट). समजा १० ग्रॅम पूड, सॅम्पलला ५.२० मिली लागलं आणि ब्लँकला ०.१०. फरक ५.१०, गुणिले १.०८ म्हणजे ५.५१ मिग्रॅ १०० मिलीमध्ये, २.५ ने गुणलं की पूर्ण २५० मिलीमध्ये १३.८ मिग्रॅ, म्हणजे किलोला सुमारे १३८० मिग्रॅ.

आता हाच हिशोब खालच्या टोकाला करून बघा. २० ग्रॅम सॅम्पल घेतलं आणि एंड पॉइंट ओळखण्यात ०.१ मिलीची चूक झाली तर तेवढ्यानेच किलोला साडेतेरा मिग्रॅचा फरक पडतो. मर्यादा २० ची आणि तुमची चूकच तेरा-साडेतेराची, म्हणजे मर्यादेच्या आसपासच्या सॅम्पलचा निकाल टायट्रेशनवर द्यायचाच नाही. तिथे क्लोरामाइन-टी घालून आयसोनिकोटिनिक-बार्बिट्युरिक आम्लाचा निळा रंग मोजणारी पद्धत घ्या, ती कितीतरी खाली जाते. त्या रिअॅक्शनमध्ये मधल्या टप्प्यावर सायनोजेन क्लोराइड बनतं, तेही विषारीच, त्यामुळे फ्युम हूडच्या बाहेर नको.

एचपीएलसी (द्रावणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं मशीन) असेल तर थेट अमिग्डालिनच मोजता येतं, सी-१८ कॉलम, पाणी आणि अॅसिटोनायट्राइल, २१४-२१८ नॅनोमीटर. इथे तर्क उलटा होतो: इथे एन्झाइम मारायचं असतं, म्हणून पूड थेट उकळत्या मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये टाकतात. जास्त उकळलं किंवा अल्कली लागली तर अमिग्डालिनचं निओअमिग्डालिन होतं आणि एकाऐवजी दोन पीक दिसतात, दोन्हींची बेरीज घ्या. आणि हे विसरू नका की एचपीएलसीला फक्त अमिग्डालिन दिसलं, प्रुनासिन आणि आधीच सुटलेलं एचसीएन नाही, त्यामुळे हा आकडा आणि डिस्टिलेशनचा आकडा तंतोतंत जुळला नाही तर घाबरू नका.

रिकव्हरी, याच्याशिवाय आकडा देऊ नका

रिकव्हरी म्हणजे मुद्दाम घातलेल्यापैकी किती परत मोजता आलं ते. प्रत्येक बॅचला एका सॅम्पलमध्ये मोजून घेतलेलं अमिग्डालिन घाला, भिजवायच्या आधीच. १०० मिग्रॅ घातलं तर ५.९ मिग्रॅ एचसीएन जास्त यायला हवं. लोक बरेचदा पोटॅशियम सायनाइडने रिकव्हरी करतात, पण त्याने फक्त डिस्टिलेशन बरोबर आहे एवढंच कळतं, एन्झाइमने काम केलं की नाही ते कळतच नाही, आणि उगाच टेबलावर एक जहाल विष येतं ते वेगळंच. स्टँडर्डची बाटली नीट वाचा, काही अमिग्डालिन ट्रायहायड्रेट असतं, त्याचा रेणुभार ५११ च्या आसपास, म्हणजे १०० मिग्रॅमधून ५.९ नाही तर ५.३ मिग्रॅच येणार. या एका ओळीपायी मी दोन दिवस रिकव्हरी कमी का येते म्हणून कंडेन्सरचे सांधे तपासत बसले होते.

रिकव्हरी फारच कमी आली तर माझा क्रम असा: आधी एन्झाइम जिवंत आहे का (शुद्ध अमिग्डालिन आणि पिक्रेट पट्टी, एका रात्रीत कळतं), मग पीएच, मग बूच, मग कंडेन्सर.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

नुसतं 'सायनाइड १३८०' लिहू नका. एकूण एचसीएन म्हणून की अमिग्डालिन म्हणून, आहे तशा वजनावर की कोरड्या, एन्झाइम घातलं होतं का, कोणतं, किती तास, रिकव्हरी किती आणि उत्तर तिच्याने दुरुस्त केलंय का, हे सगळं लिहा. वाचणाऱ्याला आकड्याचा अर्थ लागावा म्हणून खाण्याच्या भाषेत पण सांगता येतं. युरोपियन अन्नसुरक्षा संस्था ईएफएसएने एका वेळची सुरक्षित मात्रा शरीराच्या किलोला २० मायक्रोग्रॅम धरली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.२ मिग्रॅ. वरच्या १३८० च्या बियांमध्ये एवढं एचसीएन ०.९ ग्रॅमच्याही आत मिळतं, साधारण एक-दोन बिया. 'व्हिटॅमिन बी१७' अशा नावाने या बिया मूठमूठ खाणारे लोक आहेत, ते व्हिटॅमिन नाहीच, अमिग्डालिनच आहे, आणि अशा माणसासमोर ठेवायला तुमचा रिपोर्ट स्वच्छ असला पाहिजे.

आवराआवर

फ्युम हूड चालू, एकट्याने काम नाही, आणि वासावर भरवसा नाही, कारण एचसीएनचा वास बऱ्याच लोकांना जन्मतःच येत नाही. सायनाइड असलेलं कुठलंही द्रावण आम्लाच्या कचऱ्यात किंवा आम्ल ओतलेल्या सिंकमध्ये जाता कामा नये, पीएच ११ च्या वर ठेवून वेगळ्या लेबलच्या कॅनमध्ये. टायट्रेशन झालेलं द्रावण त्यातही वेगळं, त्यात अमोनिया आणि सिल्व्हर दोन्ही असतात, असं मिश्रण पडून राहिलं तर त्यात स्फोटक गोष्टी तयार होऊ शकतात आणि ब्लीच घातलं तर अमोनियाशी विषारी वायू देतं. ते साठवायचं नाही, ब्लीच लावायचं नाही, त्याच दिवशी वेस्टच्या माणसाच्या ताब्यात द्यायचं आणि रजिस्टरमध्ये सही घ्यायची.